दिल्यालं तिथंच ऱ्हातंय न्हवं?

20 नोव्हेंबर 2024, बुधवार, विधानसभेचं मतदान. आईला घेऊन मी सकाळी साडेसातलाच शाळेत पोचलो, कारण एकदा रांग वाढली की तिला उभं राहवत नाही. तिचं वय 83. "पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत घरी येऊन घेतात, तुझी दोन वर्षं कमी पडली," असं मी वाटेत म्हणालो, तर तिनं मान हलवली. "घरात बसून दिलं तर दिल्यागत वाटंल व्हय?" ठेवणीतलं जांभळ्या काठाचं लुगडं, कपाळाला बुक्का, मतदार चिठ्ठी रुमालाच्या गाठीत बांधलेली. शाळेच्या वऱ्हांड्यातल्या शहाबादी फरश्या गारढोण पडल्या होत्या. केंद्रावरचे गुरुजी ओळखीचे निघाले, त्यांनी तिला पुढं घेतलं. तिनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं, शाई लागली, आणि ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. मी दाराशी उभा. मशीनचा आवाज काही येईना. आडोशाखालून तिची पावलं आणि काठीचं टोक तेवढं दिसत होतं. "आजी, दाबलं का बटण?" केंद्राध्यक्षांनी विचारलं. आतून उत्तर नाही. एखादी बाई बाजारात लुगड्याचा पोत बोटांनी चाचपत उभी राहते, तशी ती उभी असणार. मग तो लांबलचक आवाज आला आणि ती बाहेर आली, शाईचं बोट बाकीच्या बोटांपासून लांब धरून, हळदीनं माखलेला हात धरतात तसं.

परत येताना मारुतीच्या पारापाशी ती दम खायला टेकली. कोणाला दिलं, हे मी कधी विचारत नाही आणि ती सांगत नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला पहिल्या मतापासून ती शिस्त लावलेली. थोडा वेळ ती बोटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आपण दिल्यालं तिथंच ऱ्हातंय न्हवं रं?"

"हो," मी म्हणालो, "तिथंच राहतं."

त्या 'हो'पाशी मी अजून अडकलेलो आहे.

तसं पाहिलं तर हा 'हो' म्हणायचा अधिकार माझ्याइतका गावात कोणाला नसेल. 1986 ला मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो आणि 2023 च्या मे अखेरीला निवृत्त झालो. मधल्या काळात एकही विधानसभा माझ्या ड्युटीशिवाय गेली नाही. 1990 आणि 1995 ला पत्र्याची पेटी होती. मतदान संपलं की मेणबत्तीवर लाख वितळवायची, सुतळीच्या गाठीवर तिचे थेंब पाडायचे आणि गरम आहे तोवर पितळी मोहोर दाबायची. त्या जळक्या लाखेचा वास बोटांना दोन दिवस राहायचा. पेटी मांडीला मांडी लावून एसटीतून तालुक्याला न्यायची, आणि ती टेबलावर ताब्यात देऊन पावती खिशात पडेपर्यंत चहासुद्धा घशाखाली उतरायचा नाही. नंतर मशीन आलं. पहाटे उठून उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, मग ती मतं पुसून आकडा शून्यावर आणून दाखवायचा, संध्याकाळी नमुना 17-सी वर एकूण मतांची नोंद करून प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात त्याची प्रत. एका मताचा फरक पडला तर केंद्राध्यक्षाला घाम फुटतो. मला फुटलेला आहे, 2004 ला, रात्री नऊ वाजता, एका नावापुढं सही राहून गेली होती म्हणून. सगळी नोंदवही पुन्हा पहिल्या पानापासून लावली तेव्हा जीव भांड्यात पडला. आईनं दिलेलं मत तिथंच राहतं, हे मी छातीठोक सांगू शकतो, ते अशा रात्रींच्या जोरावर. पण माझा छातीठोकपणा तालुक्याच्या स्ट्राँगरूमच्या दारापर्यंतचा. तिचा प्रश्न त्या दारापलीकडचा होता, आणि ते मला पारावर बसल्या बसल्याच कळलं होतं.

आदल्या रात्री जेवताना तिनं विचारलं होतं, "घड्याळ आता कुणाकडं हाय?" मी सांगितलं. "आन् थोरल्या सायबाकडं?" तुतारी वाजवणारा माणूस. "आन् धनुष्यबाण?" तेही सांगितलं, मशालही सांगितली. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती, परगावच्या सोयरिकीचं कोडं सोडवतात तसं. तिच्या पिढीतल्या बायांना पक्ष कळतो तो चित्रातून. तिचं पहिलं मत 1962 चं, तेव्हा बैलजोडी. मग गाय-वासरू आलं. मग हात आला. मधे काही वर्षं चरखा होता, मग पुन्हा हात, आणि 1999 पासून आमच्या जिल्ह्यात घरोघर घड्याळ. ही चित्रं बदलली तरी त्यांच्यामागची माणसं बरीचशी तीच, त्यामुळं तिला ते कधी जड गेलं नाही. भांडं बदललं, आमटी तीच. 2023 च्या फेब्रुवारीत धनुष्यबाण आणि 2024 च्या फेब्रुवारीत घड्याळ, असे आयोगाचे निकाल लागले आणि पहिल्यांदाच असं झालं की चित्र तेच आणि मागचं माणूस वेगळं. त्याच वर्षी 7 मेला लोकसभेचं मतदान झालं. तुतारी वाजवणारा माणूस एका ओळीत आणि नुसती पिपाणी दुसऱ्या ओळीत, जिचं यादीतलं नावही तुतारीच. आमच्या साताऱ्यात त्या पिपाणीच्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली आणि हारजीत 33 हजारांच्या आत ठरली. ती सगळी मतं चुकून पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण त्या आकड्यात माझ्या आईसारख्या किती जणी आडोशामागं उभ्या राहून बोट वर-खाली करत होत्या, हा विचार मनातून जात नाही.

अण्णा आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात चिटबॉय होते. ज्यांच्या रानात ऊस नाही त्यांना हे काम सांगून कळणार नाही. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्याची चिठ्ठी चिटबॉयच्या हातानं यायची. चिठ्ठी वरून ठरायची, अण्णा फक्त पोचवायचे, पण शेतकरी वाट बघायचा ती अण्णांच्या सायकलची. धोम धरणाच्या पाटाचं पाणी गावाच्या खालच्या अंगाला आलं आणि तिथं ऊस उभा राहिला, तेव्हापासून सरकार या शब्दाचा अर्थच आमच्याकडं बदलला. मुंबईचं मंत्रालय लांब. गावची सोसायटी, जिल्हा बँक, कारखान्याचा काटा, पंचायत समिती, झेडपी, हे सरकार. आणि हे सगळं एकाच पक्षाचं. निवडणुका तर सारख्याच लागलेल्या असायच्या, पण त्या आपसात: एक पॅनेल कपबशीवर, दुसरं विमानावर, दोन्हीकडचे पुढारी रात्री एकाच लग्नाच्या पंगतीत. ज्याचं पॅनेल पडलं, त्याच्या उसाला तोड उशिरा. फडात उभ्या उसाला पांढरे तुरे यायचे, आतून दशी पडायची, वजन घटायचं. काट्यावर गाडी लागली की आकडा वाचून माणूस काही न बोलता चिठ्ठी खिशात घालायचा. विरोधी पक्ष म्हणजे काय, हे मला शाळेच्या पुस्तकातून नाही कळलं. अण्णांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून ते तुरे बघितले, तेव्हा कळलं.

तरीही त्या एका पक्षाच्या दिवसांना सरसकट वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 1957 ला हाच जिल्हा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मागं उभा होता. नाना पाटील इथूनच लोकसभेत गेले, आणि खुद्द यशवंतराव कराडातून थोडक्यात वाचले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, आणि अण्णांनी समितीच्या पेटीत मत टाकल्याचं ते अभिमानानं सांगायचे. पाच वर्षांत चित्र पालटलं. राज्य झालं, यशवंतरावांनी बेरजेचं राजकारण केलं, कालचे विरोधक एकेक करून आत घेतले, आणि 1962 ला 264 पैकी 215 जागा काँग्रेसच्या. त्याच वर्षी झेडप्या आल्या. अण्णाही बैलजोडीवर गेले. लहानपणी मी विचारलं होतं, समिती का सोडली? म्हणाले, "राज्य मिळालं की. आता त्यात चांगलं काय करायचं ते करू." त्या उत्तरात फसवणूक नव्हती. वसंतराव नाईकांच्या 11 वर्षांत हायब्रीड ज्वारी आली, वाडीला शाळा आली, 1972 चा दुष्काळ आला. आई त्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मी सात वर्षांचा. तिच्याबरोबर जायचो ते सुकडीसाठी. पातेल्यातून ओंजळीत पडणारी ती गोडसर, किंचित कुबट पिठाची चव अजून जिभेवर आहे. माळावरच्या ओढ्याला तेव्हा बायांनी दगड वाहून घातलेला नाला बांध आजही उभा आहे. तिथून जाताना आई काठीनं दाखवते, "ह्यो आमच्या हातचा."

मग 1978 आलं. त्या वर्षी फेब्रुवारीत दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या होत्या. जनता पक्षाला 99, रेड्डी काँग्रेसला 69, इंदिरा काँग्रेसला 62. निकालानंतर त्या दोघी एक झाल्या, वसंतदादा मुख्यमंत्री, तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैतली ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. दिवसभर घेवड्याची कोळपणी करून माणसं घरी आलेली, पावसाची भुरभुर, रेडिओवर प्रादेशिक बातम्या. पवार फुटून निघाले, दादांचं सरकार गेलं आणि 37 वर्षांचे शरद पवार पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, मुख्यमंत्री झाले. अण्णा दादांचे. माझे चुलते, नाना, हे पवारांचे. अण्णांनी रेडिओ बंद केला. नाना म्हणाले, "असू दे की चालू." अण्णांच्या तोंडून तेव्हा तो खंजिराचा शब्द निघाला, जो नंतरची 40-45 वर्षं महाराष्ट्र आलटून पालटून एकमेकांना ऐकवतो आहे. नाना ताटावरून उठले. एका वाड्यात, एका चुलीवर जेवणारे दोघं भाऊ दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. आई आणि काकू मात्र पाटावर धुणी धूत नेहमीसारख्या बोलत असायच्या, हेही आठवतं. मी 13 वर्षांचा होतो. मला एवढंच उमजलं होतं की मत तर कोणीच दिलेलं नाही, पेट्या कुठं दिसल्या नाहीत, बोटाला शाई नाही, तरी सरकार बदललं. 1980 च्या फेब्रुवारीत दिल्लीनं ते सरकार बरखास्त केलं, आणि 1986 च्या डिसेंबरात औरंगाबादला पवार पुन्हा काँग्रेसमध्ये आले. नानांनी येऊन अण्णांना ती बातमी दिली. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारलं, "मग आपण तवा कशापायी भांडलो?"

नानांपाशी उत्तर नव्हतं.

त्याच वर्षी मी नोकरीला लागलो होतो. पहिल्या शाळेच्या वऱ्हांड्यात सामान्यज्ञानाचा फलक होता. देशाचं नाव, राजधानी, राष्ट्रीय पक्षी, राज्य, जिल्हा, तालुका हे सगळं पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं. शेवटच्या चार-पाच ओळींत फक्त पद रंगवलेलं आणि पुढं काळी मोकळी जागा. हेडगुरुजी म्हणाले, "इथली नावं खडूनं लिहायची." कारण त्यांनी सांगितलं नाही, पण ते उघड होतं. 1980 ते 1990 या 10 वर्षांत एकाच पक्षाचं राज्य आणि 6 मुख्यमंत्री: अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव, पवार. दिल्लीहून नाव यायचं आणि शाळेत डस्टर उचलायचं. मी जिथं जिथं बदलून गेलो, तिथं तो फलक होता आणि ते काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर बरं होतं. 1995 च्या मार्चमध्ये मनोहर जोशींचं नाव लिहिलं तेव्हा पोरांपेक्षा मोठी माणसंच बघायला आली होती. वऱ्हांड्यात उभं राहून एक म्हातारे म्हणाले, "आमच्या हयातीत बिगरकाँग्रेसी मुख्यमंत्री मतपेटीतनं आला." मी खडू हातात धरून थांबलो. ते बरोबर बोलत होते. 45 अपक्ष निवडून आलेली ती निवडणूक, आणि अपक्षांचा टेकू घेतल्याशिवाय ते सरकारही उभं राहिलं नव्हतं. पण लोकांनी बदल मागितला होता आणि बदल झाला होता, एवढं तरी स्वच्छ होतं.

सर्वांत जास्त दिवस टिकलेलं नाव 2014 चं. तेव्हा चारही पक्ष वेगवेगळे लढले, भाजपला 122 मिळाल्या आणि फडणवीस पूर्ण पाच वर्षं राहिले. नाइकांनंतर एवढी सलग मुदत कोणी पुरी केली नव्हती. पावसाचा सडा आला की खडू धुपायचा आणि मी तेच नाव पुन्हा गिरवायचो. इतक्यांदा गिरवलं की काळ्या रंगावर त्या अक्षरांची पांढुरकी सावलीच बसली होती. मग 2019 उजाडलं. 18 ऑक्टोबरला माझा पुतण्या साताऱ्यातल्या पवारांच्या भर पावसातल्या सभेहून चिंब होऊन आला. थंडीनं दात वाजत होते आणि डोळे चमकत होते. आठवडाभरात निकाल लागला, युतीला बहुमत होतं, पण युतीच राहिली नाही. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. फलकावरचं नाव मी पुसलं आणि काय लिहावं ते न कळून जागा मोकळी ठेवली. शनिवारी, 23 तारखेला सकाळची शाळा होती. परिपाठ चालू असताना कोणाच्या तरी मोबाइलवर शपथविधी दिसला. सुट्टीत मी नाव लिहिलं, तेच, आणि ते जुन्या सावलीवर अलगद बसलं. मंगळवारी दुपारी पुसलं. गुरुवारी शिवाजी पार्कवर नवी शपथ झाली, शुक्रवारी तिसऱ्यांदा खडू घेतला. चौथीतली एक मुलगी शेजारी उभी होती. "गुर्जी, पुन्हा मतदान झालं?" मी नाही म्हणालो. "मग?"

तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी शिकवल्यासारखं सांगितलं असेन. बहुमत म्हणजे 288 पैकी 145, एकट्याकडं नसतील तर दोघा-तिघांनी मिळून जमवायचे, असं. त्यात खोटं काही नाही. 1985 ला काँग्रेसला 161 मिळाल्या, त्यानंतर आजतागायत एकाही पक्षाला या राज्यात स्वतःच्या बळावर 145 गाठता आलेले नाहीत. 1990 ला काँग्रेस 141 वर थांबली; आता 2024 ला भाजप 132 वर. म्हणजे 1985 ला जन्मलेलं पोर आज चाळिशीचं झालं आणि त्यानं कळत्या वयापासून एका पक्षाच्या बहुमताचं सरकार पाहिलेलंच नाही. केरळात लोक वर्षानुवर्षं पाळीपाळीनं सरकारं पालटत राहिले, तमिळनाडूत दोन पक्षांत पालटत राहिले. आपल्याकडं मतपेटीनं सत्ता थेट एकाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती दिली, असे प्रसंग मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात. बाकी वेळा घर फुटलं आणि सत्ता हलली. 1978 ला काँग्रेस फुटली. 1999 च्या जूनमध्ये पुन्हा फुटली, आणि निवडणुकीत एकमेकींविरुद्ध लढलेल्या त्याच दोन्ही काँग्रेसनी ऑक्टोबरात एकत्र सरकार केलं, जे पुढं 15 वर्षं चाललं. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली. सुरत, गुवाहाटी, गोवा, आणि 30 जूनला शपथ. ते नाव मी लिहिलेलं शेवटचं. मी निवृत्त झालो आणि महिनाभरानंतर, 2 जुलै 2023 ला, राष्ट्रवादीही फुटली. रविवार होता. त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसलो असताना माझा उजवा हात उगाच खडू धरल्यासारखा झाला होता.

फुटणाऱ्यांना थांबवायला कायदा आहे, हे मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवत आलो. 1985 चा, पक्षांतरबंदीचा. सुरुवातीला एकतृतीयांश आमदार निघाले तर ती फूट मान्य असायची, 2003 ला ती वाट बंद झाली. एकट्यानं जायचं धाडस त्यामुळं कमी झालं खरं, पण मग कळपानं जाण्याची रीत पडली, आणि गेलेला कळप म्हणू लागला की आम्ही गेलोच नाही, खरा पक्ष आम्हीच. मग चिन्ह कोणाचं हे आयोग ठरवणार, अपात्र कोण हे विधानसभेचे अध्यक्ष ठरवणार, त्यावर कोर्ट, तारखा. या सगळ्या पायऱ्या घटनेनं घालून दिलेल्या आहेत आणि मला घटनेविषयी आदर आहे. माझी तक्रार एवढीच की त्या पायऱ्यांवर आई कुठंच नाही. ती एकदा येते, पाच वर्षांतून, लुगडं बदलून; तिचं काम झालं की दार लागतं.

आणि तरीही मनाची एक बाजू म्हणते, आमदाराला खिळा ठोकून ठेवायचा का? सगळी फूट लोभानंच होते असं नाही. अण्णांनी समिती सोडली त्यात लोभ नव्हता. नानांना 1978 ला पवारांमध्ये जे दिसलं, ते खरंच त्यांना दिसलं होतं; रोजगार हमी, नव्या दमाचं कोणीतरी, आपल्या वयाचं. आघाड्यांनी या राज्यात वाईटच केलं असंही नाही. आईला विचारलं तर तिच्यापाशी प्रत्येक सरकारची एकेक खूण आहे. नाइकांचा तो बांध. धोमचा पाट. 1995 च्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली. साताऱ्याच्या स्टँडवर अण्णांना दवाखान्यात आणलं होतं तेव्हा तिनं ती खाल्ली होती. "भाकरी गरम हुती," एवढंच ती म्हणते, पण 30 वर्षांनी म्हणते. 1996 ला कृष्णा खोऱ्याचं महामंडळ झालं, त्याची खणाखणी वरच्या माळानं पाहिली. परवा लाडकी बहीणचे 1500 रुपये माझ्या भावजयीच्या खात्यावर आले. 65 च्या पुढच्यांना ते नाहीत, म्हणून आईला नाही मिळाले. तरी मेसेज आला तेव्हा तिनं तो भावजयीकडून दोनदा वाचून घेतला. तिचा कोणावर राग नाही. ती प्रत्येकाचं घेतलेलं लक्षात ठेवते आणि दिलेलं विचारते.

मला टोचतं ते इथं. ती सोसायटीत दूध घालायची तेव्हा लिटर आणि फॅटची चिठ्ठी घ्यायची. ऊस गेला तर काट्याची पावती. मताची मात्र अशी पावती नाही. मशीनमध्ये सात सेकंद कागद दिसतो, मग तो कापून आत पडतो. तेवढ्यावर तिनं विश्वास ठेवायचा. आणि 62 वर्षं ती तो ठेवत आली, एकदाही न चुकता. एकदा तर अंगात ताप असताना, एकदा अण्णांच्या तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी. एवढ्या इमानानं देणाऱ्या माणसाला "तिथंच राहतं ना" असं विचारावं लागलं, आणि मी तिला अर्धं उत्तर दिलं.

23 तारखेला निकाल लागला. भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57 आणि अजित पवारांची राष्ट्रवादी 41, तिघांचे मिळून 230. 5 डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला तेव्हा आई पुढ्यात लसणाची परडी घेऊन बसली होती. एक मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री. मुख्यमंत्र्यांकडं बघून ती म्हणाली, "ह्यो मागं बी हुता न्हवं?" हो म्हणालो. "आन् ह्यो मधला हुता." तेही हो. ती तिघांकडं नीट, सावकाश बघत राहिली. चेहऱ्यावर आनंद नव्हता की नाराजी नव्हती. पाकळ्या सोलताना तिच्या बोटाची शाई तपकिरी दिसत होती.

कातडीवरची शाई पंधरा दिवसांत गेली. नखावरची राहिली. म्हातारपणी नख फार सावकाश वाढतं. संक्रांतीला ती रेघ मुळापासून जरा सुटली होती, शिमग्याला मधोमध आली. मे महिन्यात एका दुपारी मी तिची नखं कापायला बसलो. ती आता कठीण झालीत, आधी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवावे लागतात. डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला काळी कड तेवढी उरली होती. नेलकटर लावला आणि ती टच् करून वर्तमानपत्रावर पडली. आईनं ती बोटानं बाजूला सारली, नखं घरात सांडू नयेत म्हणून कागदाच्या मधोमध घेतली आणि विचारलं, "झेडपीचं कवा हाय रं?"

झेडपीची मुदत 2022 लाच संपली होती. तेव्हापासून प्रशासक होते, आणि तारीख अजून लागलेली नव्हती.

"ठाऊक नाही, आई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि दुसरा हात पाण्यातून काढून माझ्यापुढं धरला.